अमेरिकन व्यावसायिक सॉकरपटूंच्या खेळाचे मूल्यमापन : सद्यःस्थिती व भवितव्य यांतील अंतर

प्रस्तावना

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर म्हटले जाते, कारण तेथे फुटबॉल हे नाव दुसऱ्याच एका खेळाने व्यापलेले आहे. नावाप्रमाणेच तेथे या खेळाचे स्थानही दीर्घकाळ दुय्यम राहिले. १९९४ च्या विश्वचषकाचे यजमानपद मिळविताना व्यावसायिक लीग स्थापन करण्याचे आश्वासन देण्यात आले होते. त्यानुसार १९९६ मध्ये दहा संघांची मेजर लीग सॉकर सुरू झाली. तेव्हापासून अमेरिकन खेळाडूंविषयी एकच प्रश्न निरनिराळ्या स्वरूपात विचारला जात आहे : हा खेळाडू आज कसा खेळतो आणि पुढे कुठवर जाईल? वस्तुतः हे दोन प्रश्न आहेत. ते एकच मानल्यामुळे कोणते घोटाळे होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचन मुख्यत्वे पुरुष खेळाडूंपुरते मर्यादित आहे. अमेरिकन महिला संघाने १९९१, १९९९, २०१५ व २०१९ असे चार विश्वचषक जिंकले असून त्या यशाची कारणे वेगळी आहेत व त्यांना स्वतंत्र लेखाची आवश्यकता आहे.

एकाच ड्राफ्टमधील दोन खेळाडू

अमेरिकेत महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची लीगमधील संघ क्रमाक्रमाने निवड करतात. या पद्धतीस ड्राफ्ट म्हणतात. जानेवारी २००४ च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक फ्रेडी अडू याला मिळाला. घानात जन्मलेला हा मुलगा तेव्हा अवघा चौदा वर्षांचा होता. २००३ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने तीन गोल केले होते आणि वृत्तपत्रे त्याची तुलना पेलेशी करू लागली होती. त्याच ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर क्लिंट डेम्प्सी याची निवड झाली. टेक्सास राज्यातील नॅकोडोचेस या लहान गावातील सामान्य कुटुंबातला हा तरुण दक्षिण कॅरोलिनातील फर्मन विद्यापीठाकडून खेळत होता व वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता.

पहिल्या हंगामात अडू याने तीस सामन्यांत पाच गोल केले. चौदा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ही कामगिरी असामान्यच म्हटली पाहिजे. परंतु पुढे बेन्फिका या पोर्तुगीज क्लबने त्याला करारबद्ध केल्यावर फ्रान्स, ग्रीस, तुर्कस्तान असा त्याचा उसनवारीचा प्रवास सुरू झाला आणि कोठेही त्याला संघात कायमचे स्थान मिळाले नाही. राष्ट्रीय संघाकडून तो सतरा सामने खेळला. डेम्प्सीने मात्र त्याच २००४ मध्ये सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळविला. २००७ मध्ये तो इंग्लंडमधील फुलहॅम क्लबकडे गेला, २०११-१२ च्या प्रीमियर लीग हंगामात त्याने सतरा गोल केले आणि २००६, २०१० व २०१४ अशा तीन विश्वचषकांत गोल नोंदविले. राष्ट्रीय संघाकडून त्याचे सत्तावन्न गोल झाले, म्हणजे लँडन डोनोव्हन याच्या विक्रमाशी बरोबरी झाली.

येथे अडूला अपयशी ठरविण्याची घाई करू नये. तो चौदाव्या वर्षी जे करीत होता ते खरेच होते. चूक होती ती त्यावरून काढलेल्या अनुमानाची. शारीरिक वाढ लवकर पूर्ण झालेला मुलगा समवयस्कांत उठून दिसतो. इतरांची वाढ पूर्ण झाली की ते आधिक्य राहत नाही. राहते ते कौशल्य, निर्णयशक्ती आणि रोजच्या सरावाची सवय. यांपैकी पहिल्या गोष्टीचे मोजमाप चौदाव्या वर्षी काही प्रमाणात होऊ शकते, उरलेल्या दोन्हींचे फारसे होत नाही. अकरावीतील गुणपत्रिकेवरून संशोधकाचे भवितव्य सांगण्यातला धोका प्राध्यापकवर्गास वेगळा सांगायला नको.

अल्प नमुन्याचा भ्रम

खेळाडू फॉर्मात आहे असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा गेल्या आठदहा सामन्यांतील गोलसंख्या आपल्या मनात असते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा पुरावा किती दुबळा आहे, हे एका साध्या गणिताने दाखविता येते. एखादा आघाडीचा खेळाडू प्रत्येक सामन्यात तीन फटके मारतो आणि दर दहा फटक्यांमागे एक गोल होतो, असे गृहीत धरू. दहा सामन्यांत तीस फटके झाले, म्हणजे अपेक्षित गोल तीन. मात्र त्याच्या कौशल्यात काडीचाही फरक न पडता, केवळ यदृच्छेने, शंभरातून सुमारे अठरा वेळा त्याला एक गोल मिळेल किंवा एकही मिळणार नाही. आणि जवळजवळ तितक्याच वेळा पाच किंवा अधिक मिळतील. पहिल्या स्थितीत त्याला संघातून वगळावे अशी मागणी होते, दुसऱ्या स्थितीत युरोपातील क्लब त्याची चौकशी करतात. खेळाडू तोच असतो.

यावर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत ‘अपेक्षित गोल’ ही संकल्पना रूढ झाली. फटका किती अंतरावरून व कोणत्या कोनातून मारला, पायाने की डोक्याने, पास कसा मिळाला होता, यांवरून त्या फटक्याच्या यशाची संभाव्यता ठरविली जाते. पेनल्टीची संभाव्यता साधारण पाऊण असते, तर क्षेत्राबाहेरून मारलेल्या फटक्याची अत्यल्प. या सर्व संभाव्यतांची बेरीज म्हणजे अपेक्षित गोल. गोल होणे वा न होणे यापेक्षा गोलाच्या जागी वारंवार पोहोचणे हे भविष्याचे अधिक विश्वसनीय लक्षण आहे, हा यामागील विचार. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र या सर्व आकड्यांहून साधा आणि दुर्लक्षित असा एक आकडा आहे, तो म्हणजे खेळाडूला मिळालेली मिनिटे. प्रशिक्षक खेळाडूला रोज पाहतो. तो त्याला किती वेळ मैदानात ठेवतो, हेच त्याचे मत असते. युरोपातील मोठ्या क्लबशी करार झाल्याच्या बातमीने अमेरिकन वाचक हुरळून जातो. पण बाकावर बसून कोणाचाही खेळ सुधारत नाही.

स्पर्धेचा दर्जा व संघाची खेळपद्धती

गोलसंख्येला स्पर्धेच्या दर्जाची जोड दिल्यावाचून अर्थ नसतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण जोझी अल्टिडोर याचे आहे. नेदरलँड्समधील ए. झेड. क्लबकडून २०१२-१३ च्या हंगामात त्याने लीगमध्ये तेवीस गोल केले. त्या आकड्यावर भिस्त ठेवून इंग्लंडमधील संडरलँडने त्याला घेतले आणि तेथे बेचाळीस लीग सामन्यांत त्याचा एकच गोल झाला. डच लीगमध्ये खेळ मोकळा असतो व आघाडीपटूला जागा मिळते. संडरलँडचा संघ तळाशी झुंजत होता व त्याच्या वाट्याला चेंडूच क्वचित येई. २००९-१० मध्ये हल सिटीकडून खेळताना त्याला प्रीमियर लीगमध्ये एकच गोल करता आला होता, हा पुरावाही उपलब्ध होता. तरीही अल्टिडोर सामान्य खेळाडू होता असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय संघाकडून त्याने बेचाळीस गोल केले आणि २०१७ च्या मेजर लीगच्या अंतिम सामन्यात टोरोंटोकडून गोल केला. जोश सार्जंट याच्याबाबतीतही असाच अनुभव येतो : नॉर्विचकडून २०२१-२२ च्या प्रीमियर लीगमध्ये दोन गोल, तर एक पायरी खालच्या स्पर्धेत २०२३-२४ मध्ये सव्वीस सामन्यांत सोळा गोल.

बाजारभावही फसवा असतो. ख्रिश्चन पुलिसिक याच्यासाठी चेल्सीने २०१९ मध्ये सुमारे सहा कोटी चाळीस लाख युरो मोजले. २०२१ मध्ये तो युरोपीय विजेत्या संघात होता, परंतु दुखापतींमुळे त्याचा खेळ खंडित राहिला. २०२३ मध्ये ए. सी. मिलानने त्याला सुमारे दोन कोटी युरोंत मिळविले आणि पहिल्याच हंगामात त्याने इटालियन लीगमध्ये बारा, पुढील हंगामात अकरा गोल केले. भाव एकतृतीयांशावर आला तेव्हाच खेळ बहरला. येथे वयाचाही विचार करावा लागतो, कारण आघाडीचे व मध्यफळीचे खेळाडू सामान्यतः पंचविशीच्या आसपास परिपक्व होतात. गोलरक्षकांचे गणित निराळे आहे. ब्रॅड फ्रीडेल याने २००४ ते २०१२ या काळात प्रीमियर लीगमध्ये सलग तीनशे दहा सामने खेळले. ही मालिका संपली तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता.

निवडीचे मार्ग व उशिरा उमलणारे खेळाडू

आतापर्यंतचे विवेचन एकेका खेळाडूविषयी झाले. परंतु मूल्यमापनातील चुका निवडपद्धतीत मुरल्या की त्यांचे परिणाम दूरवर होतात. अमेरिकेत लहान मुलांचे क्लब भरमसाट शुल्क घेतात, त्यामुळे निर्धन घरांतील मुले चाळणीपर्यंतच पोहोचत नाहीत. डेम्प्सीला सरावासाठी डॅलसला नेताना त्याच्या कुटुंबाला प्रत्येक खेपेस सुमारे तीन तासांचा प्रवास करावा लागे. महाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम शरद ऋतूतील काही महिन्यांत आटोपतो व बदली खेळाडूंचे नियमही शिथिल असतात. व्यावसायिक तयारीस तो अपुरा पडतो, ही टीका रास्त आहे. या त्रुटी दूर करण्यासाठी राष्ट्रीय महासंघाने २००७ मध्ये विकास अकादमीची योजना आणली. ती २०२० मध्ये बंद झाली आणि तिची जागा प्रामुख्याने मेजर लीगच्या क्लबांच्या अकादमींनी घेतली. त्यांचे फलितही दिसले. वेस्टन मॅकेनी डॅलसच्या अकादमीतून मेजर लीगचा एकही सामना न खेळता थेट जर्मनीस गेला. टायलर ॲडम्स न्यूयॉर्कहून लाइपझिगला गेला. १० ऑक्टोबर २०१७ रोजी त्रिनिदादकडून २-१ असा पराभव होऊन अमेरिका २०१८ च्या विश्वचषकास मुकली होती. २०२२ मध्ये याच पिढीच्या तरुण संघाने उपउपांत्यपूर्व फेरी गाठली.

मग तक्रार कशाची? अकादमीची निवड तेराव्याचौदाव्या वर्षी होते, म्हणजे अडूबाबत ज्या वयात अनुमान चुकले त्याच वयात. लवकर वाढलेली मुले आत घेतली जातात, त्यांना उत्तम प्रशिक्षण मिळते, ती सुधारतात आणि निवड योग्य होती असे सिद्ध झाल्यासारखे वाटते. बाहेर राहिलेल्यांचे काय झाले असते, हे कोणत्याच तक्त्यात नोंदले जात नाही.

ख्रिस वोंडोलोव्स्की याचे उदाहरण या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. कॅलिफोर्नियातील चिको येथील महाविद्यालयाच्या दुय्यम श्रेणीच्या संघातून तो आला आणि २००५ च्या पुरवणी ड्राफ्टमध्ये अगदी खालच्या क्रमांकावर निवडला गेला. पाच वर्षे त्याला मुख्य संघातून फारसे सामने मिळाले नाहीत. २०१० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, सॅन होजे संघात त्याला नियमित स्थान मिळाले आणि त्या हंगामात लीगमधील सर्वाधिक, म्हणजे अठरा गोल त्याच्या नावावर लागले. २०१२ मध्ये त्याने सत्तावीस गोल करून तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी साधली. २०१० ते २०१९ या सलग दहा हंगामांत त्याची गोलसंख्या दोन आकडी राहिली आणि २०२१ मध्ये निवृत्त होताना त्याचे एकूण गोल एकशे एकाहत्तर होते, लीगच्या इतिहासात सर्वाधिक. तो वेगवान नव्हता, चेंडूवर त्याची हुकमत विलक्षण नव्हती. चेंडू कोठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळे, आणि हा गुण तेराव्या वर्षाच्या चाचणीत मोजण्याचे साधन कोणत्याही अकादमीकडे नाही. महाविद्यालयीन संघांकडून मेजर लीगकडे येणारी वाट गेल्या दशकात बरीच अरुंद झाली आहे. चिकोसारख्या ठिकाणी आज खेळणाऱ्या विशीतल्या मुलाकडे पाहायला मेजर लीगचा एखादा निरीक्षक जातो किंवा नाही, यावर पुढचा वोंडोलोव्स्की सापडणे अवलंबून आहे.