सुरांनी सुटलेला अबोला

अबोला सुटावयाचा तर कोणीतरी आधी बोलावयास हवे, असा आपल्या घरांतून सर्वसाधारण समज आहे. ‘साकामिची नो अपोलोन’ ही जपानी ॲनिमे मालिका पाहिल्यावर हा समज पुन्हा तपासून पाहावा, असे आम्हांस वाटले. युकी कोदामा यांच्या चित्रकथेवरून शिनइचिरो वातानाबे यांनी दिग्दर्शित केलेली ही बारा भागांची मालिका २०१२ साली आली.

कथा १९६६ सालच्या सासेबो बंदरातली. येथे अमेरिकी नौदलाचा तळ असल्याने जॅझ गावाला परके नव्हते. संकोची काओरू पाश्चात्त्य अभिजात पद्धतीने पियानो शिकलेला. दांडगट सेंतारो ड्रम वाजविणारा. ध्वनिमुद्रिकांच्या एका दुकानाच्या तळघरात दोघांची गट्टी जमते. काओरूचे स्वर बिनचूक. परंतु जॅझमध्ये तेवढ्याने भागत नाही. चालीच्या चौकटीत प्रत्येकाने आयत्या वेळी भर घालावयाची, आणि ती घालताना सोबत्याचे ऐकावयाचे. सतार-तबल्याच्या सवाल-जबाबात रमणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको.

पुढे सेंतारो शाळेतील एका रॉक वाद्यवृंदात वाजवू लागतो. काओरू दुखावतो, बोलणे खुंटते. शाळेच्या उत्सवात ऐन कार्यक्रमात वीज जाते आणि विजेवरच्या गिटारी मुक्या होतात. श्रोते चुळबुळू लागतात, तोच काओरू पियानोशी बसतो. काही वेळाने सेंतारोचे ड्रम त्याला साथ देऊ लागतात. एकाने सूर टाकावा, दुसऱ्याने तो झेलावा! आर्ट ब्लेकी यांच्या वाद्यवृंदाने १९५८ साली ध्वनिमुद्रित केलेली ‘मोनिन’ ही धून या दोघांच्या मैत्रीच्या आरंभीची. ती उमटते, तेव्हा क्षमा मागणे आणि करणे, दोन्ही होऊन गेलेले असते.

हा प्रसंग खरा वाटतो, त्याला त्याची घडणही कारण आहे. संगीत योको कान्नो यांचे. पियानो ताकाशी मात्सुनागा यांचा, ड्रम शुन इशिवाका यांचे. त्यांच्या वादनाचे चित्रण करून त्याच्या आधारे चित्रकारांनी हालचाली रेखाटल्या. म्हणूनच कानावर येणारा ठोका आणि डोळ्यांना दिसणारा हात यांचा मेळ बसतो.

परंतु मर्म कौशल्यात नाही. इतके दिवस दोघेही आपापले दुःख कुरवाळीत होते. वाजविताना मात्र दुसऱ्याचे ऐकल्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्या घरांतही, अबोल्याच्या दिवसांत कोणी न बोलता चहाचा पेला पुढे सरकवतो. तो सूर ओळखून झेलणारे कोणी हवे, एवढेच.