पीडीयू: रॅकमधली वस्तू की विजेची वाट?

डेटा सेंटरच्या नोंदींवर काम करताना एक प्रश्न लवकरच समोर येतो: रॅकचा पीडीयू नोंदवायचा कसा? पीडीयू म्हणजे रॅकच्या मागे उभी लावलेली, ओळीने सॉकेट असलेली वीजवाटप पट्टी. ती सर्व्हरची जागा अडवत नाही. मग रॅकच्या नोंदीत ‘पीडीयू: २’ एवढं लिहिलं की झालं ना?

नाही. यातून पट्ट्या किती ते कळतं, वीज कुठून येते ते कळत नाही. सर्व्हरच्या दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या पट्ट्यांना जोडल्या, पण दोन्ही पट्ट्या एकाच पॅनेलवर असतील, तर ते पॅनेल बंद पडताच सर्व्हरही बंद.

नेटबॉक्स हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर काय करतं बघा. त्यात पीडीयू हे स्वतंत्र डिव्हाइस म्हणून नोंदवतात, उंची शून्य यू. त्याला वीज आत घेणारा पॉवर पोर्ट आणि बाहेर देणारे आउटलेट. कोणता आउटलेट कोणत्या पोर्टवर, थ्री-फेज असेल तर कोणत्या फेजवर, हेही सांगता येतं. पोर्टच्या मागे फीड, फीडच्या मागे पॅनेल. या दोन्ही गोष्टी २०१९ मध्ये २.६ आवृत्तीत आल्या. आता सर्व्हरपासून पॅनेलपर्यंतची वाट शोधता येते.

पण वाट सापडली म्हणजे काम संपलं असं नाही. २३० व्होल्ट, ३२ अँपिअरचा सिंगल-फेज फीड ७,३६० वॉट देतो (पॉवर फॅक्टर १ धरू). ८० टक्के मर्यादा लावली की उरतात ५,८८८. असे दोन फीड आहेत, आणि प्रत्येकी १,००० वॉटचे ११ सर्व्हर दोन्हींवर निम्मे-निम्मे भार टाकतात. प्रत्येक फीडवर ५,५००, म्हणजे मर्यादेच्या आत. सगळं ठीक दिसतं. आता एक फीड गेला. दुसऱ्यावर ११,००० वॉट, म्हणजे जवळपास ४८ अँपिअर आले. त्याचाही ब्रेकर ट्रिप होणार आणि अख्खा रॅक अंधारात.

नोंदीतला एकही आकडा इथे खोटा नव्हता. पोर्टवर लिहिलेला ५०० वॉटचा भार कोणत्या परिस्थितीतला, हे मात्र मॉडेलने विचारलंच नव्हतं.

म्हणून संशोधनासाठी मॉडेल मांडताना आधी स्कीमा काढू नका. त्याने कोणत्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, ते लिहा. ‘एक फीड गेला तर काय होईल?’ हा प्रश्न यादीत असेल, तर पीडीयू आपोआपच रॅकच्या रकान्यातून बाहेर येतो.