अरण्य, आग आणि उपजीविका

रानालगतच्या गावाची उपजीविका आणि त्या रानात पेटणारा वणवा हे दोन प्रश्न सरकारी दप्तरांत निरनिराळ्या खात्यांकडे असतात. वस्तुतः ते एकाच मुळाचे दोन फाटे होत. अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियाच्या ट्रिनिटी जिल्ह्यात असलेल्या हेफोर्क या डोंगरी गावाचा इतिहास याची साक्ष देतो.

या जिल्ह्याचा बहुतेक भाग केंद्र सरकारच्या अरण्यांनी व्यापलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील गावे लाकूडतोड व लाकडाच्या गिरण्या यांवर जगत असत. परंतु जुनी अरण्ये झपाट्याने नाहीशी होऊ लागली. त्यांत राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला १९९० साली कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि १९९४ च्या वायव्य अरण्य योजनेने सरकारी रानांतील तोड फारच कमी झाली. अरण्य वाचविणे अवश्य होते; तथापि त्याची झळ कामगारांच्या घरांना लागली. १९९६ मध्ये हेफोर्कची गिरणी बंद पडली.

दुसरे संकट रानातच वाढत होते. त्या प्रदेशातील मूळ जमाती शतकानुशतके ठराविक ऋतूत रानाला हलकी आग लावीत. त्यामुळे झुडपे व पालापाचोळा साचत नसे आणि टोपल्यांसाठी हेझलच्या कोवळ्या काड्या मिळत. पुढे सरकारने ही प्रथा दडपली. दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणावी, असा दंडक १९३५ साली वनखात्याने घातला. परिणामी रान दाटले, जळण साचले. आग टाळण्याच्या हव्यासानेच मोठ्या वणव्याची सामग्री जमविली.

मग रान विरळ करावयाचे, तर ते कोणी आणि कशाच्या बळावर? १९९३ साली हेफोर्कमध्ये स्थापन झालेल्या पाणलोट संशोधन व प्रशिक्षण केंद्राने या प्रश्नाला हात घातला. काम गमावलेल्या माणसांना झरे, माती व रान यांची देखभाल शिकविण्यात आली. विरळणीतून निघणारी बारीक झाडे पूर्वी निरुपयोगी समजली जात. मॅडिसन येथील वनोपज प्रयोगशाळेच्या तपासणीत असे दिसले की, दाट सावलीत सावकाश वाढलेल्या डग्लस फरची वलये जवळजवळ असतात आणि त्याचे लाकूड बांधकामास उपयोगी पडू शकते. अर्थात बारीक लाकडाची तोड व वाहतूक खर्चाची असते. केवळ विक्रीवर हे काम भागत नाही. म्हणून रानाची निगा हेच मोलाचे काम मानून त्याची मजुरी द्यावी लागते.

घरांच्या रक्षणाविषयीही संशोधनाने जुनी समजूत बदलली. जॅक कोहेन या शास्त्रज्ञाने कॅनडातील प्रयोगांत पेटत्या रानासमोर लाकडी भिंती उभ्या केल्या. तीस मीटरांवरच्या भिंती ज्वाळांच्या धगीने पेटल्या नाहीत. घरे बहुधा उडत्या ठिणग्यांनी पेटतात. पन्हळीतला पाचोळा, छपराची फट किंवा भिंतीशी रचलेली लाकडे त्यांना आश्रय देतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातीलच पॅराडाइज गावच्या वणव्यात ८५ माणसे मृत्युमुखी पडली आणि अठरा हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. मात्र राख झालेल्या कित्येक घरांशेजारी झाडे हिरवीच उभी होती.

आता नियंत्रित आगीला पुन्हा मान मिळत आहे. प्रशिक्षित व्यक्तींनी आणि मूळ जमातींच्या जाणकारांनी दक्षतेने लावलेली आग हाताबाहेर गेली, तरी घोर निष्काळजीपणाखेरीज विझविण्याचा सरकारी खर्च त्यांच्यावर लादू नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये केला.

वणवा कायमचा नाहीसा करणे माणसाच्या हाती नाही. परंतु ज्या गावात रानाची निगा राखणाऱ्या हातांना बारमाही काम मिळते, त्या गावात वणव्याच्या दिवशी वाटा ठाऊक असलेली माणसे हजर असतात. रान राखावयाचे, तर आधी रानाकाठचा माणूस तेथे टिकला पाहिजे.