कॅमेरा किती दूर उभा आहे?

चीनच्या फुजियान प्रांतातला एक कारखाना. कॅमेरा एका टोकाने सरकू लागतो. घरगुती विजेची उपकरणे जोडणाऱ्या कामगारांची एक रांग मागे जाते, मग दुसरी, मग तिसरी. निवेदक बोलत नाही, आकडे येत नाहीत. जवळजवळ आठ मिनिटे चित्रण एकदाही तुटत नाही आणि कारखानाही संपत नाही. जेनिफर बायचवाल यांचा 'मॅन्युफॅक्चर्ड लँडस्केप्स' हा २००६ सालचा माहितीपट असा सुरू होतो. छायालेखक पीटर मेटलर. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला प्रेक्षक अस्वस्थ होतो, हे पुरे कधी होणार असे त्याला वाटू लागते. दिग्दर्शिकेला नेमके तेच हवे आहे. आपल्याला आठ मिनिटे जड जातात त्या शेडमध्ये माणसांचा अख्खा दिवस जातो.

हा माहितीपट एडवर्ड बर्टिन्स्की या कॅनेडियन छायाचित्रकाराच्या कामावर आहे. जन्म १९५५, ओंटारिओतले सेंट कॅथरीन्स हे गाव. आईवडील युक्रेनियन वंशाचे, वडील मोटारींच्या कारखान्यात कामाला. निसर्गाची छायाचित्रे काढता काढता तो खाणी, दगडखाणी, तेलविहिरी आणि भंगाराच्या ढिगांकडे वळला. मोठ्या आकाराची फिल्म घेणारा, तिवईवर ठेवायचा जुन्या धाटणीचा कॅमेरा त्याने वर्षानुवर्षे वापरला. या कॅमेऱ्याची फिल्म मोठी असल्याने भिंतभर प्रिंट काढली तरी तपशील फुटत नाही. म्हणून प्रदर्शनात त्याच्या चित्रासमोर दोनदा उभे राहावे लागते. लांबून रंग आणि आकृती दिसते. जवळ गेल्यावर कोपऱ्यातला ठिपका हा ट्रक आहे आणि त्याच्या शेजारचा त्याहून बारीक ठिपका माणूस आहे, हे उमगते. खाण केवढी आहे ते तेव्हा कळते.

त्याचे 'निकेल टेलिंग्ज नंबर ३४' हे १९९६चे छायाचित्र जगभर गाजले. काळ्या, उजाड जमिनीतून भडक शेंदरी प्रवाह वाहतो आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो ज्वालामुखीचा लाव्हाच वाटतो. प्रत्यक्षात तो ओंटारिओतल्या सडबरीच्या निकेल खाणींचा गाळ आहे. दगड दळून निकेल काढून घेतले की उरलेला बारीक चिखल पाण्याबरोबर सोडून दिला जातो. त्यात लोह आणि गंधक असते. हवापाणी लागले की लोह गंजून शेंदरी होते आणि गंधकापासून आम्ल बनते. चित्रातला देखणा रंग म्हणजे गंज आहे.

गोव्याच्या वाचकाला हा रंग ओळखीचा वाटेल. तिथल्या खनिजातले लोह मुळातच गंजलेल्या रूपात असते, त्यामुळे सडबरीसारखे आम्ल तयार होण्याचा प्रश्न तिथे नाही, पण पावसाळ्यात खाणींबाहेरच्या ढिगांवरची माती ओहोळांत, ओहोळांतून शेतांत आणि नदीत उतरते. मांडवी आणि जुवारीतून खनिजाने भरलेले बार्ज मुरगावकडे जाताना गोव्याच्या कित्येक पिढ्यांनी पाहिले. २०१२मध्ये खाणकाम थांबले, पुढे काही काळ पुन्हा सुरू झाले आणि फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. या साऱ्या वर्षांत वर्तमानपत्रांत जी हवाई छायाचित्रे छापून आली, त्यांतही लाल पायऱ्यांचे खड्डे आणि तळाशी साचलेले हिरवे-निळे पाणी सुंदरच दिसत होते.

इथेच या प्रकारच्या छायाचित्रणाची खरी अडचण सुरू होते. बायचवाल यांनी ती लपवलेली नाही. माहितीपटात एक प्रसंग आहे. कोळशाच्या अवाढव्य ढिगांचे चित्रण करू द्यायला तिथले अधिकारी तयार नाहीत. आपली बदनामी होईल अशी त्यांना भीती आहे. बर्टिन्स्कीच्या बाजूने बोलणारी दुभाषी त्यांची समजूत घालते: या कलाकाराच्या नजरेतून हे सगळे सुंदरच दिसेल. परवानगीसाठी केलेला हा युक्तिवाद ऐकताना अंगावर काटा येतो, कारण तो खरा आहे. ते चित्र सुंदरच येणार असते, आणि खाणमालकही ते आपल्या कचेरीत अभिमानाने लावू शकतो. बर्टिन्स्की स्वतः निकाल देत नाही, बघणाऱ्याने ठरवावे असे म्हणतो. मला ही भूमिका अर्धीच पटते. सौंदर्यामुळे माणूस चित्रासमोर थांबतो हे खरे, पण थांबलेल्या माणसाला पुढे कुठे न्यायचे, ही जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी. या माहितीपटात ती बायचवाल घेतात.

बांगलादेशातल्या चितगावचा भाग पाहा. १९८९मध्ये अलास्कात 'एक्सॉन वाल्डेझ' हा टँकर फुटून तेल समुद्रात पसरले. त्यानंतर एकेरी तळाची तेलवाहू जहाजे मोडीत काढण्याचे नियम आले. ती मोडणार कुठे, या प्रश्नाचे उत्तर होते दक्षिण आशियाचे किनारे: चितगाव, पाकिस्तानातले गडानी, गुजरातमधले अलंग. मुंबईच्या दारुखान्यातही जहाजे तोडली गेली. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज थेट वाळूवर चढवायचे आणि ओहोटीत गॅस कटरने कापायला घ्यायचे, ही पद्धत. बर्टिन्स्कीच्या छायाचित्रांत ही अर्धी कापलेली जहाजे उद्ध्वस्त मंदिरांसारखी उभी आहेत. माहितीपटात तीच जागा हलते, आवाज करते. तेलकट चिखलातून चालणारी माणसे दिसतात, त्यांतली काही तर अगदी कोवळी पोरे. छायाचित्रात विस्तार येतो, पण घण किती वेळा पडतो हे कळायला चित्रपटच लागतो.

यांगत्सेवरच्या थ्री गॉर्जेस धरणाच्या भागात हे आणखी तीव्रपणे जाणवते. या धरणासाठी दहा लाखांहून अधिक लोकांना हलवावे लागले. पाण्याखाली जाणाऱ्या शहरांच्या इमारती पुढे जहाजांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून त्या आधीच पाडल्या गेल्या, आणि पाडायला मजूर म्हणून उभे राहिले ते तिथलेच रहिवासी. आपल्याच शहराच्या विटा हाताने सुट्या करायच्या आणि त्याची मजुरी घ्यायची. बर्टिन्स्कीच्या छायाचित्रात हे शहर बॉम्ब पडल्यासारखे दिसते; विटा सुट्या करणारे हात पाहायला कॅमेरा जवळ न्यावा लागतो.

कॅमेरा जवळ नेण्याची रीत मात्र फार जुनी आहे. जपानमधल्या मिनामाता इथे चिसो कंपनीच्या कारखान्यातून पाऱ्याचे सांडपाणी खाडीत सोडले जात होते. पारा माशांत गेला, माशांतून माणसांत. १९५६मध्ये या आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली. छायाचित्रकार यूजीन स्मिथ आणि त्याची पत्नी आयलीन १९७१मध्ये तिथे गेले आणि तीनेक वर्षे तिथेच राहिले. १९७२च्या जानेवारीत कंपनीच्या माणसांनी स्मिथला मारहाण केली, त्यात त्याच्या डोळ्यांना इजा झाली. त्याचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र आहे आजारी मुलीला न्हाऊ घालणाऱ्या आईचे. त्यात खाडी नाही, कारखाना नाही, चिमणी नाही, तरी त्या खाडीचे काय झाले हे त्याइतके स्पष्ट कुठल्याच हवाई चित्राने सांगितले नसते. पुढे त्या मुलीच्या पालकांची इच्छा जाणून आयलीन यांनी ते चित्र नव्याने छापू देणे थांबवले. जवळ जाणाऱ्याला समोरच्या माणसाचे असेही देणे लागते.

चित्राचे पैसे कोणी दिले, हेही विचारावे लागते. कार्लटन वॉटकिन्सने १८६१मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्याची प्रचंड छायाचित्रे काढली. ते खोरे राखून ठेवणाऱ्या १८६४च्या कायद्यावर लिंकनने सही केली, त्यामागे या चित्रांचाही वाटा मानला जातो. त्याच वॉटकिन्सने पुढे सोन्यासाठी पाण्याच्या तोफांनी डोंगर फोडणाऱ्या खाणींची छायाचित्रे काढली, तीही खाणउद्योगासाठी, आणि तितक्याच प्रेमाने. त्या खाणींच्या गाळाने खालची शेते आणि नद्या भरल्या. शेवटी १८८४मध्ये न्यायालयाने नद्यांत गाळ सोडण्यावर बंदी घातली. कंपनीसाठी काढलेली ती चित्रे आज डोंगर कसा गेला याचा पुरावा म्हणून पाहिली जातात.

आपल्याकडे जवळून काढलेल्या माहितीपटांची परंपरा आहे. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची 'नर्मदा डायरी' (१९९५) पाहिली की सरदार सरोवराच्या पाण्यासमोर उभे असलेले मणिबेलीसारखे अक्कलकुवा तालुक्यातले गाव नुसते नकाशावरचे नाव राहत नाही. दूरचे चित्र पुष्कळ आहे, ड्रोनमुळे ते आता कोणीही काढतो. तुटवडा आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा, आधीच्या चित्राचा. चंद्रपूरच्या खुल्या कोळसाखाणींभोवती मातीचे डोंगर आज दिसतात, पण तिथली शिवारे आधी कशी होती, हे दाखवणारे चित्र सहजी हाती लागत नाही. सिंधुदुर्गातल्या रेडी किंवा कळणे खाणीच्या जागेबद्दलही हीच स्थिती. आधीचे चित्र नसेल तर गेले काय, हे भांडून सांगावे लागते.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरच्या अल्बममध्ये लग्नाच्या, जत्रेच्या, सहलीच्या फोटोंमागे नदी, सडा, डोंगर, खाजण दिसत असेल, तर त्या फोटोच्या पाठीवर गावाचे नाव, जागा आणि साल लिहून ठेवा. गावच्या वाचनालयाला त्याची एक प्रत द्या. आणि ज्या जागी उद्या खाण, धरण किंवा प्रकल्प यायचा आहे, तिथला फोटो याच पावसाळ्यात काढा.