गढूळ नदी, पिसांची माशी आणि शेताची माती

फाल्गुन सरत आला म्हणजे आपल्याकडील नद्यांचे पाणी आटू लागते. जे उरते ते इतके नितळ असते की डोहाच्या तळाचा गोटा न् गोटा मोजून घ्यावा. आपली नदी गढूळ होते ती मृगाच्या पावसानंतर. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागात मात्र याच्या उलट घडते. तेथे मार्च महिन्यात बर्फ वितळू लागते. वरची दोन-चार बोटे माती सैल होते, पण तिच्याखालची जमीन अद्याप गोठलेलीच असते. वितळलेल्या पाण्याला जिरण्यास वाट मिळत नाही, म्हणून ते उतारावरून धावत सुटते आणि जाताना सैल झालेली माती बरोबर घेऊन जाते. एका दुपारच्या उन्हात ओढे चहाच्या रंगाचे होतात.

नेमक्या याच दिवसांत त्या ओढ्यांच्या काठी गुडघाभर पाण्यात उभे राहून मासे धरणारे लोक दिसतात. त्यांच्या या छंदाशी शेतीच्या पत्रिकेचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. संबंध फार जवळचा आहे. ज्या ओढ्यात आज मासा मिळतो, त्याच ओढ्याने सुमारे नव्वद वर्षांपूर्वी आपल्या काठच्या शेतांवर दरसाल चिखलाचे थर चढविले होते. तो ओढा सुधारला, पण त्याचे कारण पाण्यात सापडत नाही. ते शोधण्यासाठी वरच्या शेतांत जावे लागते.

पिसांची माशी म्हणजे काय?

या प्रकारच्या मासेमारीत गळाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा लावीत नाहीत. बारीक गळावर पिसे, केस व दोरा बांधून एखाद्या कीटकाची हुबेहूब प्रतिकृती करतात. तिलाच ‘माशी’ म्हणतात. ही माशी पिसाहून जड नसते, तेव्हा ती दूर फेकावी कशी? नेहमीच्या गळात टोकाला शिसे असते आणि ते दोरीला ओढून नेते. येथे दोरीच जाड व वजनदार असते, आणि ती हवेत मागेपुढे झुलवून सोडली म्हणजे टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरते.

ज्या माशासाठी हा खटाटोप, त्याचे नाव ट्राउट. ‘ब्रूक ट्राउट’ ही तेथील मूळची जात. ‘ब्राउन ट्राउट’ ही जात युरोपातून १८८३ मध्ये अमेरिकेत आणली गेली. दोघांनाही थंड, वाहते व प्राणवायूने भरलेले पाणी लागते. विस्कॉन्सिनच्या या भागात चुनखडीच्या टेकड्यांतून बारमाही झरे वाहतात आणि त्यांचे पाणी उन्हाळ्यात व हिवाळ्यात साधारण ९ ते १० अंश सेल्सिअस राहते. म्हणून बाहेर बर्फ असतानाही झऱ्याच्या मुखाजवळचा मासा भक्ष्य घेत असतो. तेथील नियमाप्रमाणे जानेवारीपासून मे महिन्याच्या आरंभापर्यंत धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून द्यावा लागतो.

गढूळ पाण्यातील युक्ती

ट्राउट हा डोळ्यांनी शिकार करणारा मासा आहे. पाणी गढूळ झाले म्हणजे त्याला हातभर अंतरावरचेही दिसेनासे होते. अशा वेळी तो मुख्य धारेत राहत नाही. काठालगत, दगडाच्या आड, किंवा झाडाच्या मुळांखाली जेथे प्रवाह मंद असतो, तेथे जाऊन थांबतो. माशाच्या अंगावर दोन्ही कुशींना एक रेषा असते. तिच्या योगे त्याला पाण्यातील हालचाल जाणवते. म्हणून जाणता मच्छीमार त्या दिवशी बारीक व फिक्या रंगाची माशी ठेवून देतो आणि काळी, मोठी, पाण्यात सळसळणारी माशी बांधतो. ती काठाला अगदी चिकटून व तळाजवळून हळूहळू चालवितो. काळा रंग गढूळ पाण्यात उठून दिसतो, हे त्याचे साधे कारण.

दुसरी युक्ती अधिक महत्त्वाची आहे. मुख्य नदी फारच गढूळ असेल तर तो तिच्यात वेळ घालवीत नाही. तो वर चालू लागतो. जेथे एखादा झरा किंवा लहान ओढा येऊन मिळतो, तेथे स्वच्छ व गढूळ पाण्याची एक स्पष्ट सीमारेषा दिसते. त्या रेषेवर मासे थांबलेले असतात. अशा रीतीने एक-एक ओढा पाहत वर गेले म्हणजे कोणत्या ओढ्याने चिखल आणला आणि कोणत्याने नाही, हे आपोआप कळते. चिखल आणणारा ओढा धरून आणखी वर गेल्यास बहुधा नांगरून उघडे टाकलेले उताराचे शेत सापडते. स्वच्छ ओढ्याच्या माथ्यावर गवत, चाऱ्याचे पीक किंवा झाडी असते.

गाळाने मासा का मरतो?

ब्रूक व ब्राउन ट्राउट शरद ऋतूच्या अखेरीस तळाच्या खडीत खळगा करून अंडी घालतात व ती खडीनेच झाकतात. खडीच्या फटींतून वाहणारे पाणी त्या अंड्यांना प्राणवायू पुरविते. हिवाळाभर अंडी तेथे राहतात आणि वसंताच्या तोंडी पिले खडीतून वर येतात. याच वेळी शेतातील माती वाहून आली तर बारीक गाळ त्या फटी बुजवितो. अंडी गुदमरतात आणि पिलांची वर येण्याची वाट बंद होते. ज्या कीटकांवर मासा जगतो त्यांच्या अळ्याही याच दगडगोट्यांत राहतात, आणि त्याही गाळाखाली जातात. गाळाने पात्र उथळ व रुंद झाले की उन्हाने पाणी तापते. म्हणजे घर, अन्न व हवा ही तिन्ही माशाला एकदम पारखी होतात.

कून खोऱ्याची कथा

मिसिसिपी नदीस मिळणारा कून क्रीक हा त्या भागातील एक ओढा. त्याचे पाणलोट क्षेत्र सुमारे ९०,००० एकर आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे नॉर्वेहून आलेल्या व इतर शेतकऱ्यांनी वस्ती केली. टेकड्यांचे उतार तीव्र होते. त्यांनी त्या उतारांवर सरळ वर-खाली नांगर चालविला आणि जंगलाच्या कडा गुरांना मोकळ्या सोडल्या. दोन-तीन पिढ्यांत त्याचे फळ दिसू लागले. शेतांत माणूस उभा मावेल अशा घळी पडल्या. १९२० ते १९४० या काळात खालच्या खोऱ्यात पूरमैदानाची पातळी काही ठिकाणी दरसाल सुमारे अर्ध्या फुटाने वाढत होती. वरच्याची सुपीक माती गेली आणि खालच्याचे शेत गाळाखाली गाडले गेले. नुकसान दोघांचेही झाले.

१९३३ मध्ये अमेरिकन सरकारने ह्यू हॅमंड बेनेट यांच्या नेतृत्वाखाली मृदधूप निवारणाचे स्वतंत्र खाते काढले, आणि संपूर्ण पाणलोट क्षेत्र हा एकच घटक धरून काम करण्याचा देशातील पहिला प्रयोग कून खोऱ्यात सुरू केला. त्यांनी नदीत काही करण्यापूर्वी शेतकऱ्यांच्या घरी जाऊन पाच वर्षांचे करार केले. शेतकऱ्याने उताराला आडवी नांगरट करावी, पट्टापेर घ्यावी व खडे उतार गुरांपासून मोकळे ठेवावेत. सरकारने बियाणे, चुना, खत, कुंपण व मजूर द्यावेत. मजुरीचे काम मंदीच्या काळात बेकार झालेल्या तरुणांच्या पथकांनी केले. खोऱ्यातील जवळजवळ निम्म्या शेतकऱ्यांनी करारावर सह्या केल्या.

पट्टापेरीत समपातळी रेषेवर मक्याचा एक पट्टा, त्याखाली लसूणघासासारख्या चाऱ्याचा एक पट्टा, अशी रचना असते. मक्याच्या पट्ट्यातून सुटलेले पाणी चाऱ्याच्या दाट मुळांत अडकते, त्याचा वेग मोडतो, माती तेथेच बसते आणि पाणी जिरते. पुढे पिकांची अदलाबदल करतात. दुभत्या गुरांना चारा हवाच असल्याने ही पद्धत शेतकऱ्याच्या फायद्याची ठरली, आणि म्हणूनच ती टिकली. जी पद्धत गोठ्याला व घराला परवडत नाही ती सरकारी करार संपताच संपते, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाला आहे.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील वन्यजीवांचे प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड यांनी १९३५ मध्ये या खोऱ्यावर लेख लिहिला. शेती, जंगल, गुरे, मासे व पशुपक्षी यांचा विचार एकाच शेतावर एकत्र होतो, हे त्यांना या प्रयोगाचे वैशिष्ट्य वाटले. पुढे भूगोलवेत्ते स्टॅन्ली ट्रिंबल यांनी अनेक वर्षे त्या खोऱ्यातील गाळ मोजला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे १९७५ ते १९९३ या काळात गाळ साचण्याचा वेग १९३० च्या दशकातील वेगाच्या अवघा ६ टक्के राहिला होता. पाणी जमिनीत जिरू लागल्याने झऱ्यांचा प्रवाहही वाढला. खडी मोकळी झाली आणि ट्राउट आपणहून अंडी घालू लागले. आज मार्च महिन्यात काठी घेऊन येणारा पाहुणा ज्या माशाच्या शोधात असतो, तो अशा रीतीने शेतकऱ्याच्या नांगराने परत आणलेला आहे.

काम संपत नाही

ही कथा येथे थांबविली तर ती अपुरी राहील. २७ व २८ ऑगस्ट २०१८ रोजी तेथे अतिवृष्टी झाली. पूरनियंत्रणासाठी पूर्वी बांधलेले लहान मातीचे बंधारे कून क्रीकच्या खोऱ्यात तीन आणि शेजारच्या खोऱ्यात दोन, असे एकूण पाच फुटले. शिवाय लहान दुग्धव्यवसाय बंद पडत चालल्याने चाऱ्याचे पट्टे मोडून मका व सोयाबीन पेरण्याकडे कल वाढला आहे. गाय गेली की चारा जातो, चारा गेला की उतार उघडा पडतो. आजोबांनी सही केलेल्या कराराचे फळ नातवाला आपोआप मिळत राहत नाही. म्हणून तेथील शेतकऱ्यांनी पुन्हा एकत्र येऊन पाणलोटाचे मंडळ स्थापन केले आहे.

आपल्यासाठी बोध

आपल्याकडे ट्राउट नाही आणि गोठलेली जमीनही नाही. परंतु उघड्या जमिनीवर एकदम आलेले पाणी, ही अडचण दोन्हीकडे सारखीच. त्यांच्याकडे ते मार्चमध्ये बर्फाचे येते, आपल्याकडे जूनमध्ये वळवाचे व मृगाचे येते. आपल्याकडेही मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम १९४२ मध्ये झाला आणि त्यातून समपातळी बांधांचे काम उभे राहिले. त्यांपैकी किती बांध आज शाबूत आहेत आणि किती शेजाऱ्याच्या नांगराने दरवर्षी वीतभर कोरले जात आहेत, हे प्रत्येकाने आपल्या शिवारात पाहावे. आपल्या नद्यांतील महसीर, ज्याला अनेक ठिकाणी खडशी म्हणतात, त्यालाही गाळ नसलेला खडकाळ तळ व वाहते स्वच्छ पाणी हवे असते.

ग्रामसेवक व कृषी सहायक बंधुभगिनींना त्या मच्छीमाराची एक युक्ती सहज उचलता येईल. पहिल्या मोठ्या पावसाची धार ओसरताच दहा-बारा रिकाम्या काचेच्या बाटल्या घेऊन गावच्या नाल्याच्या काठाने वर चालत जावे. प्रत्येक ओहोळ मिळतो तेथे एक बाटली भरावी व तीवर ठिकाण लिहावे. पूर असताना पाण्यात मात्र उतरू नये. बाटल्या चावडीत किंवा शाळेत ओळीने मांडून रात्रभर स्थिर ठेवाव्यात. सकाळी कोणत्या ओहोळाच्या बाटलीत किती बोटे माती बसली हे निरक्षरालाही दिसते. कोणाचेही नाव घेऊन दोष देण्याची गरज पडत नाही. आपल्या ओहोळाची बाटली पाहून शेतकरी स्वतःच विचारतो, की आता काय करावे?

त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ तयार असावे. उताराला आडवी पेरणी, तुटलेल्या बांधाची व सांडव्याची दुरुस्ती, मुख्य पिकात कडधान्याचे आडवे पट्टे, बांधावर गवत, आणि माथ्यावरील पड जमिनीला चराईपासून विश्रांती, ही कामे फार खर्चाची नाहीत. मात्र एकट्याने करून ती पुरी पडत नाहीत. वरच्याने बांध घातला आणि मधल्याने फोडला, तर खालच्याच्या शेतात चिखलच येणार. कून खोऱ्यातील शेतकऱ्यांनी हे ओळखले म्हणून त्यांचा ओढा निवळला. यंदा मृग बरसण्यापूर्वी वरच्या, मधल्या व खालच्या शेतकऱ्यांना एका ओट्यावर बसविता आले, तर आपल्याही नाल्याचे पाणी निवळण्यास प्रारंभ होईल.