गालाच्या पेशींनी लघवीची वाट मोकळी होईल का?

लघवीची धार बारीक होते, जोर लावावा लागतो, उठल्यावरही थेंब थेंब गळते. वस्तीतले पुरुष हे दुखणे लाजेपोटी महिनोन् महिने अंगावर काढतात. आम्ही नर्स म्हणून वॉर्डात पाहिले आहे, लघवी पूर्ण तुंबली की मगच घरचे धावपळ करतात.

अपघातातला मार, कॅथेटर घालताना झालेली इजा किंवा गुप्तरोगाचा संसर्ग यांमुळे लघवीच्या मार्गात वण धरतो आणि वाट आकसते. दुर्बिणीने वण कापता येतो, पण अनेकदा तो पुन्हा धरतो. मग गालाच्या आतली कातडी काढून तिथे ठिगळासारखी लावतात. या शस्त्रक्रियेत पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांचे नाव जगभर घेतले जाते.

आता ठिगळाऐवजी पेशी वापरून पाहिल्या जात आहेत. गालातून छोटासा तुकडा घेतात, प्रयोगशाळेत त्याच्या पेशी वाढवतात आणि वण कापलेल्या जागी सोडतात. पेशी रुग्णाच्याच असल्याने शरीर त्यांना परके मानत नाही. डॉ. कुलकर्णी व सहकाऱ्यांनी केलेल्या अशा चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

अमेरिकेत डॉ. अँथनी अटाला यांनी रुग्णांच्याच पेशींपासून लघवीची पिशवी वाढवून सात जणांना बसवली. ते काम २००६ मध्ये जगासमोर आले आणि मोठा गाजावाजा झाला. पण पुढच्या चाचणीत अपेक्षित फायदा दिसला नाही, उलट गुंतागुंत झाली. म्हणजे प्रयोगशाळेत वाढले ते अंगात चाललेच, असे नाही.

म्हणून 'स्टेम सेलने नवी किडनी, नवी पिशवी' असे सांगणाऱ्यांपासून सावध राहा. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांनुसार रक्ताच्या काही आजारांतले बोनमॅरो प्रत्यारोपण सोडले, तर स्टेम सेलचे उपचार फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतात, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. कोणी लाख रुपये मागितले तर दागिने गहाण ठेवण्याआधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा.

धार बारीक झाली तर घाटीत जाऊन तपासून घ्या. वय झालेल्यांत प्रोस्टेट वाढल्यानेही असेच होते, तेव्हा कारण डॉक्टरांनाच ठरवू द्या. शस्त्रक्रिया सांगितली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, ते आरोग्यमित्राला विचारा. आणि लघवी पूर्ण थांबली, पोट फुगून दुखू लागले, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.