पाळकाची मराठी

ख्रिस्ती पाळक घडतो कसा, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. १९५३ साली यवतमाळला सुरू झालेली आणि १९८३ मध्ये पुण्यास आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी घ्या. तेथे तरुण-तरुणी एकाच वर्गात बसून बायबलचा अर्थ लावतात, ग्रीक-हिब्रूची रूपे घोटतात, उपदेश रचायला शिकतात. (पुढे मुलीला पाळकपदाची दीक्षा मिळेल की नाही, हे तिच्या चर्चवर अवलंबून! चर्च ऑफ नॉर्थ इंडिया देते. सगळीच देत नाहीत.) शिक्षणाचे माध्यम मात्र इंग्रजी.

असा पदवीधर मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्यात मंडळीपुढे उभा राहिला, म्हणजे खरी परीक्षा. 'तारण', 'कृपा', 'पश्चात्ताप' हे शब्द त्याच्या जिभेवर असतात. पण समोरच्या म्हातारीचा नातू नुकताच गेलेला असतो. तिच्याशी कोणत्या मराठीत बोलायचे?

अडचण जुनीच आहे. १५७९ साली गोव्यास आलेल्या इंग्रज फादर स्टीफन्सने ती ओळखली. ख्रिस्तकथा त्याने कोकणी वळणाच्या मराठीत, ओवीबद्ध सांगितली. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. रेव्हरंड ना. वा. टिळकांना १९०४ साली दीक्षा मिळाली. त्यांनी तर अभंग आणि कीर्तनच उपासनेत आणले.

मला विचाराल, तर सेमिनरीतल्या मराठी मुलामुलींना मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' नेमीन. शाळेत न गेलेल्या त्या बाईंच्या लेखणीतून घरातले मरण, भूक, रुसवे कसे बोलतात, ते मोठ्याने वाचून घेईन. ग्रीक रूपे दुसऱ्या दिवशी घोटावीत.